तारांच्या टोकाला विमान

आबांच्या उजव्या तर्जनीला कायम चिंधीची पट्टी असायची. मी लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा सासऱ्यांना काय लागलंय म्हणून काळजीनं विचारलं. "इमान चावनं," एवढंच म्हणाले आणि भाकरी मोडू लागले.

विमान खरोखरच होतं. मागच्या पडवीत, हातभर लांबीचं, हलक्या लाकडाचं, कागदानं मढवलेलं, नाकात लिंबाएवढं इंजिन. त्याचा पंखा बोटानं फटकारून सुरू करावा लागे आणि इंजिन रुसलं की बोटावर सूड घेई. आबा हवाईदलात कारकून होते. उभ्या नोकरीत विमानात बसायची वेळ आली नाही, पण तिथल्या एका सार्जंटनं त्यांना हे वेड लावलं. पडवीत इंजिनाला लागणाऱ्या एरंडेल, रॉकेल आणि ईथरचा वास भरून असे. पंख घासून झाला की आबा तो गालावरून फिरवत. बोटं जुनी झाली की खोटं सांगतात, गाल सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं.

हे विमान हातातून सोडायला दुसरं माणूस लागतं. ते काम आधी आमचे हे करायचे. ह्यांची जळगावला बदली झाली तेव्हा आबांनी मला विचारलं. पांझरेकाठच्या मैदानात पदर खोचून मी विमान धरून बसले. आबा दूर मधोमध उभे, त्यांच्या हातातल्या लाकडी मुठीतून दोन बारीक तारा विमानापर्यंत आलेल्या. त्यांनी मान हलवली, मी सोडलं, आणि ते किंचाळत त्यांच्याभोवती फिरू लागलं. मनगट जरा उचललं की विमान वर, झुकवलं की खाली. विमानाबरोबर तेही जागच्या जागी फिरत. चक्कर कशी येत नाही, असं मी विचारलं. जगाकडे बघितलं की येते, म्हणाले, विमानाकडे बघितलं की येत नाही.

पुढे एका हिवाळ्यात मला काहीतरी खटकलं. विमान नदीच्या बाजूला होतं आणि आबांचं तोंड रस्त्याकडे. हात मात्र बरोबर चालला होता. घरी येताना विचारलं. म्हणाले, दिसणं कमी झालंय, कुणाला सांगू नको.

मी ह्यांना सांगितलं. डॉक्टर काचबिंदू म्हणाले. गेलेली नजर परत येणार नव्हती. जळगावहून आल्यावर ह्यांनी विमान कपाटावर ठेवून दिलं. मैदानात पोरं येतात, गुरं येतात, कुणाला लागलं तर? ते खरंच होतं. आबांनी वाद घातला नाही. महिन्याभरात त्यांचं बोट भरून आलं, पट्टी सुटली, आणि ते बरं झालेलं बोट मला बघवेना.

शिवाय एक प्रश्न मला सोडत नव्हता. विमान दिसत नसताना ते कुठं आहे हे त्यांना कळत कसं होतं? शेवटी मी त्यांनाच विचारलं. ते हसले. "मूठ तू धर. डोया तुन्हा, हात मन्हा."

ह्यांना मी राजी केलं आणि पुढच्या रविवारी विमान ह्यांनीच सोडलं. मी मधोमध, आबा माझ्या पाठीशी, माझ्या मुठीवर त्यांची मूठ. पहिल्याच फेरीत नदी, झाडं, रस्ता सगळं गरगरायला लागलं.

"हातले वढ लागस ना?" आबांनी कानाशी विचारलं.

लागत होती. वासरू दावं ओढतं तशी.

"मंग ते वर शे. भिऊ नको."

तेल संपलं, इंजिन गप्प झालं आणि तारा सैल पडल्या. आता पडणार, असं मला वाटलं. आबांनी मला हलकेच मागे घेतलं, तारा पुन्हा ताणल्या, आणि विमान गवतावर टेकलं. "उतरनं," आबा म्हणाले, मी सांगायच्या आत.

आबा असेपर्यंत आम्ही दोघं असंच उडवत राहिलो. ते गेल्यावरच्या हिवाळ्यात ह्यांनी विमान सायकलला बांधलं आणि आम्ही मैदानावर गेलो. सकाळची वेळ, आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. विमान नीट वर गेल्यावर मी डोळे मिटले. आबांना काय कळत होतं ते मला बघायचं होतं. पलीकडून ह्यांनी विचारलं, बरी आहेस ना? मी मान हलवली आणि तशीच आणखी एक फेरी घेतली.