दिवेलागणीला तिथलं ऊन

मोबाइलच्या काचेत नातीची खिडकी दिसत होती. परवाच ती युरोपात पोचली, शिकायला. इकडं दिवेलागण झालेली आणि तिच्या खिडकीत लख्ख ऊन. खाली दगडी रस्ता, त्यावरून माणसं चाललेली, कुणाला कसली घाई नाही. मी बघतच राहिलो. आपल्याकडं मावळलेलं ऊन तिकडं जाऊन पसरत असेल.

"आबा, दिवा लावला?"

"नाही," म्हटलं. देवापुढचा दिवा आमच्या हिचा. ही गेल्यावर नात लावायची, एक दिवस चुकवला नाही. नात तिकडं गेल्यापासून देव अंधारात आहेत. मला हात लावू वाटत नाही.

"तूच लाव तिकडं."

"इथं खोलीत काडी ओढली तर भोंगा वाजतो, आबा. सगळं होस्टेल खाली पळेल. आजीचा नेम मोडायचा का मग?"

"आजीसारखी बोलू नको."

"मग उठा."

उठलो. कापसाची वात वळली.

"ही वात आहे का सुतळी?" ती हसली.

पण लागली. मोबाइल दिव्यापुढं धरला. तिनं तिथं उन्हात उभं राहून हात जोडले. काचेवर ज्योत उमटली, नेमकी तिच्यामागच्या त्या दगडी रस्त्यावर, आणि हळूहळू पुढं सरकायला लागली. आमची ही तालुक्याच्या पुढं कधी गेली नाही. वाटलं, तीच चालली आहे त्या परक्या उन्हातून, पदर सावरत, गाव बघत.

"आबा, तुमचा हात हलतोय."

"हलू दे," म्हटलं.