पानवेलीचा लाल उजेड

डॉ. दिनानाथ सावे यांना केळव्यात कुणी डॉक्टर म्हणत नाही. सुरुवातीला एकदोघे गुडघेदुखी घेऊन आले, तेव्हा त्यांनीच हात जोडून सांगितलं, की बाबांनो, मी लेसरचा डॉक्टर, माणसांचा नव्हे. तेव्हापासून ते सगळ्यांचे दिनाकाका झाले. उमेदीची सारी वर्षं मुंबईच्या प्रयोगशाळेत काढून ते गावी परतले, ते वडिलांनी लावलेल्या विड्याच्या पानांच्या वाडीच्या ओढीनं.

आणि आता तीच वाडी राहते की जाते, असा प्रश्न उभा राहिला होता. गावात पानवेली मुळाशी कुजू लागल्या होत्या. वाडी बघणारा पुतण्या धीरज म्हणाला, "काका, आपल्या येलींना लागलं असंल तर आताच उपटू. आपल्या पाटाचं पाणी पुढं शेजारच्या देवूच्या वाडीत जातं, रोग तिकडंबी जाईल."

समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधायचं धीरजच्या डोक्यात कधीपासून घोळत होतं. त्यामुळे काकांना त्याच्या देवूप्रेमाची जरा शंकाच आली.

"पानं तर हिरवीगार हायेत," ते म्हणाले. "मी तपासतो, मग बोलू."

"तुमचं यंत्र सांगंल तसं," धीरजनं मान्य केलं.

पानाला लेसर दाखवायचा नाद काकांना लागला तो एका फजितीतून. पीएच.डी.च्या दिवसांत ते दर रविवारी गावी येत, सोमवारी पहाटे वडिलांबरोबर पानं खुडत आणि तसेच प्रयोगशाळा गाठत. तिथं काचेच्या कुपीतल्या द्रावणावर लेसरचा झोत टाकायचा आणि द्रावण जो उजेड परत देतं तो रंगारंगांत सुटा करून कागदावर उतरवायचा, हे त्यांचं काम. एका सोमवारी आलेखाच्या लाल टोकाला एक छोटंसं टेकाड उठलं. कुठल्याच पुस्तकात त्याचा पत्ता नव्हता. दिनानाथ हवेत तरंगू लागले. त्यांचे मार्गदर्शक आगाशे सर यांनी लेख धाडूनही दिला, आणि इकडे वडिलांनी आळीभर पेढे वाटले.

मग एका रविवारी गावी जाणं झालं नाही, आणि त्या सोमवारी टेकाड गायब. पुढच्या सोमवारी स्वारी पुन्हा हजर. सरांनी यंत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि शेवटी दिनानाथांचा अंगठा हातात धरला. पानं नखानं खुडायची असतात, आणि नखात हिरवा रस साचलेला होता. कुपी विसळताना तोच आत उतरत होता.

"सावे, तुम्ही तुमची वाडी शोधून काढलीत," सर म्हणाले आणि पोट धरून हसले. लेख मागे घ्यावा लागला. दिनानाथांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी सांगितलं तर वडील शांतपणे म्हणाले, "मंग पेढे परत मागाया जाऊ काय?"

पण सरांनीच पुढं सुचवलं, की आता त्या लाल उजेडाच्याच मागे लागा. लेसर पडला की हिरवं पान लाल उजेड परत देतं; निरोगी पानाचा लाल वेगळा, आजारी पानाचा वेगळा. डोळ्याला पान हिरवं दिसत असतानाच तो फरक पडतो. दिनानाथांनी मग बोईसर-तारापूरच्या कारखान्यांलगतच्या झाडांपासून मासवणच्या भातखाचरांपर्यंत पानं गोळा केली. काळे पडदे, पंपांची घरघर, आरसा केसभर सरकवण्यात गेलेले दिवस, झोत नेमका बसला की सरांचं ते "हां, आता चहा!" काय सुखाचे दिवस होते ते. सर गेले, वडील गेले, आणि काकांचा जीव त्या दिवसांसाठी अजून हळहळतो.

दुपारी त्यांनी डोक्यावर काळं कापड घेतलं आणि घरीच जोडलेल्या लेसरच्या डब्यात एकेक पान धरलं. पहिल्या ओळीचा आलेख वाईट आला. त्यांनी काच पुसून पुन्हा पाहिलं. दुसरी ओळ तशीच. वडिलांनी लावलेली शेवटची ओळही तशीच.

कापडाखाली ते बराच वेळ बसून राहिले. धीरजला आलेख वाचता येत नव्हता. गावात कुणालाच येत नव्हता. वेली बऱ्या आहेत एवढं म्हटलं असतं, तर आणखी एक हंगाम पहाटे उठून पानं खुडता आली असती. मोह झाला, फार झाला.

"काय सांगतंय?" बाहेरून धीरजनं विचारलं.

काकांनी कापड बाजूला केलं. डोळे ओले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

"सगळ्या गेल्यात. देवूकडं जाणारं पाणी आत्ताच तोड."

धीरजनं फावडं उचललं. "काका, खोल्यांचं मी नंतर बगीन. घाई नाय."

तो पाटाकडे गेला. काका वडिलांच्या ओळीतल्या पहिल्या वेलीपाशी बसले आणि त्यांनी बुंध्याला हात घातला. ओढावीसुद्धा लागली नाही. वरची हिरवीगार पानं तशीच ठेवून वेल अलगद त्यांच्या हातात आली.