मुकी कांडी

आमच्या भंडाऱ्यातला कल्हईवाला कथलाची कांडी कानाशी धरून वाकवतो. चोख कथील करकरतं, म्हणे. गेल्या वर्षी मी मोबाइलवर पाहून घरीच कल्हई केली होती. त्यातली उरलेली कांडी यंदा ऐटीत त्याच्याकडे नेली. त्यानं वाकवली, तर आवाजच नाही. कागदावर घासली, तर काळी रेघ.

"शिसं मिसळलं आहे, भाऊ. लेकराच्या पोटात गेलं तं डोकं मंद करते. कायले लावली होती?"

"नातीच्या खिरीच्या पातेल्याले," मी म्हणालो आणि उगाच हसलो.

तो हसला नाही. त्यानं भाता थांबवला, निखाऱ्यांवर पाणी ओतलं.

"चाल, पोरीले घे. रक्त तपासाले मीबी येतो. तुह्या हुशारीवर नाही सोडत."