सुनंदा सिस्टर आणि बाबांच्या गोळ्या

सुनंदा सिस्टर चपला काढता काढताच विचारायच्या, "काका, पोट साफ झालं का?" नमस्कार नाही, कसे आहात नाही. आमचे बाबा म्हणजे चिखले गावातले मानी गृहस्थ. घोलवडच्या नर्सऱ्यांमध्ये चिकूची कलमं बांधण्यात उभा जन्म गेला, कोणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. सिस्टर स्टूल ओढून बसायच्या आणि उत्तर मिळाल्याशिवाय हलायच्या नाहीत.

बाबांचा कॅन्सर हाडांत उतरला होता. आता घरीच ठेवा, असं सांगून डॉक्टरांनी मॉर्फीनच्या गोळ्या लिहून दिल्या. अशा पेशंटांच्या घरी जाणं हेच सिस्टरचं काम. मूळच्या तलासरीकडच्या, डोंगराच्या अंगाच्या. घरी भात आणि नागलीची शेती. स्कूटीवरून सगळा पट्टा फिरायच्या. पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा गोळ्यांचं पाकीट मी देव्हाऱ्यामागे लपवून ठेवलं होतं. शाळेत व्यसनमुक्तीवर भाषणं ठोकणारी मास्तरीण मी, बापाला अफूची गोळी कशी देणार? बाबा टॉवेल दातांत धरून पडले होते.

"सवय लागेल ना?" मी विचारलं.

"शरीराला लागेल की. म्हणून एकदम बंद नाय करायची. पण ताई, काकांना नशा नाय पायजे. त्यांना नुसती कूस बदलायचीय."

मग त्यांनी गोळीचे गुण सांगायच्या आधी सगळे अवगुण सांगितले. मळमळेल, पहिले दोन-तीन दिवस गुंगी राहील, पोट तर दगड होईल. "ही नवरी एकटी येत नाय, वऱ्हाड घेऊन येते. वऱ्हाडाची सोय असेल तरच तिला घरात घ्यायची." सोय म्हणजे पोट साफ होण्याचं औषध, आणि रोजचा तो प्रश्न.

चौथ्या दिवशी बाबा उशीला टेकून बसले आणि त्यांनी बोंबलाचं कालवण मागितलं. त्यांना जेवताना बघून मी मागच्या दारी जाऊन रडून घेतलं. पुढचे दोन महिने आमच्या घरात पुन्हा बोलणं होतं, कुरकुर होती, बातम्या ऐकून सरकारला शिव्या देणं होतं.

आणि मग आईनं घोळ घातला. आमच्याकडे कुंपणावरून सगळंच पलीकडे जातं. चिकू जातात, आमटी जाते, उरलेली तापाची गोळीही जाते. शेजारच्या जमनाबेनचा गुडघा महिनाभर ठणकत होता. आईनं चांगल्या मनानं बाबांच्या दोन गोळ्या त्यांना देऊन टाकल्या. "एवढ्या मोठ्या दुखण्याला लागू पडतात, गुडघा तर किस झाड की पत्ती," हा आईचा हिशेब. जमनाबेननी दोन्ही एकदम घेतल्या. दुपारी सून हाका मारतेय तर त्या उठेनात, श्वास अगदी मंद.

फोनवर सिस्टरनी आधी अॅम्ब्युलन्स बोलवायला लावली. मग जवळच होत्या, त्या स्वतः पोचल्या. जमनाबेनना हलवत, हाका मारत, श्वास मोजत डहाणूपर्यंत त्यांच्यासोबत गेल्या. संध्याकाळी जमनाबेननी डोळे उघडून चहा मागितला. परत आल्यावर सिस्टर आईला रागावल्या नाहीत. तिच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "काकू, चूक माझी. गोळी कशी द्यायची ते सांगितलं, कोणाला द्यायची नाय ते सांगायचं राहिलं." आई तेव्हा कुठे रडली.

मी मात्र पाकीट घेऊन उभी होते. "हे घेऊन जा. बाबांना काय सहन करायचं ते करू दे. असलं विष घरात नको."

सिस्टरचा आवाज चढला तो तेवढा एकदाच. "जमनाबेनच्या गुडघ्याला ही गोळी तुम्ही पाया पडलात तरी देणार नाय. आणि काकांची एक वेळ चुकलेली मला चालणार नाय. गोळी तीच आहे ताई, माणूस बघायचा." दुसऱ्या दिवशी त्यांनी कुलपाचा डबा आणून दिला. किल्ली माझ्या गळ्यातल्या साखळीत अडकवली. गोळ्या चालू राहिल्या.

एके दिवशी दुपारी बाबांचा श्वास अडखळू लागला. एक यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. ते शुद्धीवर नव्हते. गोळीची वेळ झाली होती. विरघळवलेली गोळी चमच्यात घेऊन मी बसले होते, पण हात पुढे जाईना. ही दिली आणि पुढचा श्वास आलाच नाही तर?

सिस्टर आल्या. त्यांनी बाबांना हलकेच कुशीवर वळवलं, तशा बाबांच्या कपाळावर आठ्या चढल्या आणि ते कण्हले. "दुखतंय अजून," त्या म्हणाल्या. डॉक्टरांशी फोनवर सविस्तर बोलल्या. डॉक्टरांनी औषध कमी करायला सांगितलं, बंद नाही. "हा श्वास गोळीनं नाय झाला ताई. माणूस निघाला की असाच होतो." त्यांनी माझ्या हातातला चमचा काढून घेतला, त्यातलं अर्धं औषध ओतून टाकलं. "ही मी देते. नायतर जन्मभर तुम्हाला वाटत राहील, माझ्या हातानं गेले."

"आणि तुम्हाला नाही वाटणार?"

"वाटेल ना. मला सवय आहे."

त्यांनी थेंब थेंब करून ते बाबांच्या गालात सोडलं. थोड्या वेळानं कपाळ सैल झालं. दिवेलागणीच्या आधी बाबा गेले, आईनं हात हातात धरला होता. उरलेल्या गोळ्या आईनं स्वतःहून सिस्टरच्या हवाली केल्या.

बाबांच्या बाबतीत माझं काय काय चुकलं, याचा विचार अजून मनात येतो. डॉक्टरकडे आधी न्यायला हवं होतं, ते पाकीट लपवायला नको होतं. त्या शेवटच्या चमच्याचा प्रश्न मात्र मला एकदाही पडला नाही. तो सिस्टर आपल्याबरोबर घेऊन गेल्या.