एकशे बारा नंबरचा हुकूमनामा

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान कधी बसलेले दिसले, तर समजावं की ते कोर्टात आहेत आणि कुणीतरी त्यांना दटावून बसवलं आहे. एरवी गोव्यातल्या आमच्या लाटंबार्शात असा उभा माणूस झाला नाही. चहा उभ्याने, दारावर आलेल्या पोदेराचा पाव चहात बुडवून खायचा तोही अंगणात येरझाऱ्या घालत, आणि लग्नात नवरा-नवरीच्या आधी ह्यांच्याच मांडवाला तीन फेऱ्या. ताई वैतागून म्हणते, "ह्यांका पाट मांडून उपेग नाय, पाटाक चाकां लावूक व्हयी." गेली चार वर्षं ह्या माणसाच्या काखेत एक प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत डिचोलीच्या कोर्टाचा हुकूमनामा: परराज्यातल्या एका कंपनीने भावोजींचा ट्रक भावोजींना परत करावा. तो मिळवायला तीन वर्षं गेली होती. पण कोर्टात जिंकलं म्हणजे ट्रक दारात आला, असं समजणारे आम्ही भोळे.

झालं होतं ते असं. खाणी बंद पडल्या, ट्रक दारात गंजायला लागला, तेव्हा ह्या कंपनीने तो धारवाडच्या पलीकडे रस्त्याच्या कामाला भाड्याने नेला. सोबत बाबल ड्रायव्हर. बाबल दोडामार्गचा, वीस वर्षं भावोजींच्या घरी जेवलेला. चवथ आली. आता आमच्याकडचा माणूस चवथीला घरी येणार नाही तर कधी? मॅनेजर म्हणाला, "खुशाल जा, चावी ठेव, ह्या सुट्टीच्या कागदावर सही कर." कागद कन्नडात. बाबलने सही ठोकली आणि गणपतीला घरी आला. आठ दिवसांनी परत गेला तर फाटक बंद. त्याच्या सहीने ट्रक कंपनीला विकला गेला होता म्हणे! कोर्टाने ते सगळं खोटं ठरवलं, पण गावाची तोंडं कोण धरणार? "बाबलान ट्रक इकलो, पैसे खाल्ले," अशी कुजबुज सुरू झाली, आणि त्या दिवसापासून बाबलने ताईच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. वर्षातून एकदा काजूबियांची पिशवी फाटकाला अडकवून जायचा, हाकेलाही थांबायचा नाही. भावोजींना ट्रक हवा होता तो एवढ्यासाठी. "पैशे नकोत. गाडी गावात येवक व्हयी, आणि बाबलान आणूक व्हयी," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही.

डिचोलीचं कोर्ट म्हणालं, ट्रक आमच्या हद्दीत नाही, तेव्हा हुकूमनामा तिकडच्या कोर्टाकडे पाठवतो. तिथे वसुलीची दरखास्त घाला. कागद पाठवायलाच वर्ष लागलं. त्या वर्षात भावोजींनी आमचा सर्वांचा जो छळ केला! "कागद चोर्ल्याच्या घाटात अडाकलो काय रे?" हे रोज सकाळी सात वाजता, फोनवर, मला. दातांच्या डॉक्टरकडे आ वासून असतानाही त्यांनी हुकूमनाम्याचं शेवटचं कलम म्हणून दाखवलं, डॉक्टरला ते अजून पाठ आहे. चवथीला हुकूमनाम्याची नक्कल गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली ठेवली. देवीला कौल लावला, तर पाकळी डावीकडून पडली, म्हणजे नकार. भावोजी शांतपणे गुरवाला म्हणाले, "देवीन कागद पुरतो वाचूक नाय. पुढच्या सोमवारी येतंय." देवीकडूनसुद्धा पुढची तारीख घेऊन येणारा दुसरा माणूस दाखवा मला.

अखेर तिकडच्या कोर्टाने ट्रक ताब्यात घ्यायला बेलिफ दिला. मी बँकेतून निवृत्त, इंग्रजी वाचता येतं, ह्या गुन्ह्याखाली मलाही नेलं. कंपनीच्या यार्डात बेलिफाने कागद वाचला: "ट्रक नंबर एकशे बारा." मॅनेजर नम्रपणे हसला. "सर, असा नंबर कुठल्या गाडीला असतो?"

 एकशे बारा हा खाणीवरच्या रांगेतला नंबर! ट्रकवाल्यांच्या संघटनेने दारावर रंगवलेला. आमच्याकडे गाडीचा खरा नंबर मालकालाही आठवत नाही. एकशे बारा म्हटलं की झालं. वकिलांनी विचारलं, भावोजींनी सांगितलं. वकील डिचोलीचे, टायपिस्ट डिचोलीचा, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ट्रक हुबेहूब उभा राहिला आणि कुणालाच काही खटकलं नाही.

"एकशे बारा खंयचो, आमच्या थंय कोणाकय इचार!" भावोजी ओरडले.

"भावोजी, हे आपलं थंय नव्हे, धारवाड आहे," मी म्हणालो.  हुकूमनाम्यातल्या त्या नंबराच्या दुरुस्तीपायी चांगले आठ महिने गेले.

दुसऱ्या खेपेला वकिलांनी बजावलं, गाडी ओळखणारा माणूस न्या, त्यांनी पाट्या बदलल्या असतील. म्हणजे बाबल. बाबल यायला तयार नाही. "माका तोंड नाय, मालकानु," एवढंच दाराआडून. भावोजी त्याच्या अंगणात उभे राहिले. सकाळपासून दुपारपर्यंत. बाबलच्या बायकोने खुर्ची आणून ठेवली. खुर्चीला अर्थातच काही काम मिळालं नाही. शेवटी बाबलच शरमून शर्ट घालून बाहेर आला.

यार्डात एकाच रंगाचे सहा ट्रक, सगळ्यांच्या पाट्या नव्या. मॅनेजर हाताची घडी घालून उभा. बाबल एकेका ट्रकला हात लावत गेला, चौथ्यापाशी थांबला, साठीचा माणूस सरळ चिखलात आडवा होऊन खाली शिरला. शर्टाच्या टोकाने पुसलेला, सांगाड्यावर कोरलेला चासी नंबर बेलिफाने दुरुस्त कागदाशी ताडून पाहिला, एकदा, दोनदा, आणि होकारार्थी मान हलवली. मला रडू आलं, लपवत नाही.

इंजिन त्यांनी कधीच काढून घेतलं होतं. दुसऱ्या गाडीने ट्रक ओढत आणला. ओढलेल्या गाडीच्याही स्टिअरिंगवर माणूस लागतो, तिथे बाबल. लाटंबार्शात शिरताना लोक फाटकांशी आले. ताई पायऱ्यांवर उभी होती. "बाबल, पाय धुय आणि आत ये, जेवाण वाढलंय," ती म्हणाली, कालच जेवून गेल्यासारखी. तो आत आला. तो ताटातला भात नुसता चिवडत राहिला, आणि ताई मुद्दाम डाळीत मीठ कमी पडलं का विचारत राहिली.

ट्रक आता परसात उभा आहे. तो चालणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाबलचं लायसनही कधीचं संपलं. त्या संध्याकाळी त्याला दोडामार्गच्या बसमध्ये बसवून आम्ही दोघे परतत होतो, तेव्हा भावोजी मधेच थांबले.

"ट्रक गावलो," ते म्हणाले. "त्या माणसाची सात वर्सां गेली. त्येची दरखास्त खंय घालूची रे?"

मला कोर्टातलं बरंच कळतं, असा गावाचा समज आहे. मी त्यांच्या काखेतली पिशवी काढून माझ्या काखेत घेतली.