बिरप्पा गवंड्याचा न जुळणारा तिकोन

मंद्रूपच्या बिरप्पानं सोलापुरात तीस वर्षं गवंडीकाम केलं, पण त्याची भिंत ओळंब्याला कधी सूतभरसुद्धा चुकली नाही. मग शहात्तर साली चुनकळी विझवताना चुना उडाला आणि उजवा डोळा गेला. झालं! एका डोळ्याच्या गवंड्याला बांबूच्या परांचीवर कोण चढवणार? कंत्राटदार इसूफशेठ म्हणाले, "बघू की, बिरप्पा." ते 'बघू' आठ महिने चाललं. घरी बसून बिरप्पाचा जीव मेटाकुटीला आला. पुन्हा कामावर जायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

त्याची लेक दाक्षायणी बालवाडीत शिकवायची. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिनं मासिकातलं एक चित्र आणि प्लॅस्टिकच्या विटांचा डबा घरी आणला. पोरांच्या खेळातल्या रंगीत विटा, एकमेकींत खटकन बसणाऱ्या. चित्रात तीन दांड्यांचा तिकोन होता. तिन्ही कोपरे काटकोनात, तरी टोकाला टोक जुळलेलं.

"आप्पा, एवढं बांधून द्या की. मोठ्या बाईंना मी शब्द दिलाय."

"हात्तिच्या! पोरखेळच हाय," बिरप्पा म्हणाला, पण बांधायला बसला तसा त्याला घाम फुटला. एक दांडी आडवी, दुसरी तिच्यापासून काटकोनात मागं, तिसरी तिथून उभी. आणि तिसरीचं टोक वर, पहिलीचं राहिलं बाजूलाच! उघडा सांधा कुठल्या गवंड्याला बघवतो? तो ओढूनताणून सांधा मिटवायचा, की कोपरा तिरका व्हायचा. पाच दिवस हाच खेळ. "ह्यो काढणाऱ्यानं जन्मात थापी धरली न्हाय," म्हणून त्यानं चित्रकाराचा यथेच्छ उद्धार केला.

सहाव्या दिवशी वैतागून त्यानं कोपरे सरळ केले, सांधा उघडाच टाकला आणि बाजेवर आडवा झाला. उशीवरून सहज नजर गेली, तर तिकोन पुरा जुळलेला!

"दाक्षायणी, जुळलं गं!"

ती धावत आली आणि खो-खो हसली. "कुठलं आप्पा? चांगली वीतभर फट आहे."

बिरप्पानं हात पुढं केला. हात मधून आरपार गेला. त्यानं लेकीचं डोकं उशीशी आणलं आणि तिचा उजवा डोळा तळव्यानं झाकला.

"अगं बाई! जुळलं की!" ती टाळ्या पिटायला लागली. बिरप्पा त्या फटीत पुन्हा पुन्हा हात घालून बघत राहिला.

प्रदर्शनात तिनं पुठ्ठ्याला भोक पाडून एका डोळ्यानं बघायची सोय केली. बघायला ही रांग लागली. इसूफशेठही आले. भोकातून पाहिलं, मागं जाऊन फट पाहिली आणि बिरप्पाच्या पाठीवर थाप मारली.

"वा रे पठ्ठ्या! एका डोळ्यानं एवढं केलंस? नव्या कॉलनीचं काम निघालंय. सोमवारपासून परांचीवर ये."

ह्याच शब्दाची आठ महिने वाट बघितली होती. दाक्षायणीचे डोळे भरून आले.

"शेठ," बिरप्पा म्हणाला, "भोकातनं बघितलं तवा फट दिसली तुमास्नी?"

"नाही बुवा."

"मला रोजच तसं दिसतंय. परांचीच्या फळ्यांतली फट बी जुळल्यालीच दिसंल. खाली उभं राहून ओळंबा धरायचा असंल तर येतो. वर न्हाय."

शेठनी टोपी सारखी केली. "बघू की," म्हणाले आणि गेले.

"आप्पा, व्हय म्हणायचं होतं हो!" दाक्षायणी रडायलाच लागली.

"पडलो असतो, पोरी," बिरप्पा म्हणाला आणि विटा सुट्या करून डब्यात भरायला लागला.