मंगलच्या हातांसाठी साबण

कोरड्या त्वचेसाठी मी आयुष्यात एकदाच साबण केला, आणि तेवढा एकदा आमच्या गल्लीला पुरला.

त्याचं असं झालं. माझी बायको मंगल सोलापुरात घरीच कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकते. दिवसभर पीठ मळायचं, वर ढीगभर भांडी घासायची! थंडीत तिच्या हातांना अशा भेगा पडल्या की भाकरी थापताना ती ओठ चावायची. बाजारातला कुठलाही साबण लावला की नुसती आग. मला ते बघवेना. मी चादरीच्या कारखान्यातून रिटायर झालेला, रिकामा माणूस. मोबाइलवर व्हिडिओ बघितला आणि ठरवलं, हिच्यासाठी साबण आपणच करायचा!

"अहो, काय करायलाव?"

"तू हितं येऊ नको. कॉस्टिक सोडा हाय!"

"मग तुमी कशाला गेलाव तितं?"

असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही. खोबरेल कमी पडलं, तर ओट्याखालच्या किटलीत शेंगतेल सापडलं. छान तांबूस! (म्हटलं, घाण्याचं दिसतंय, अस्सल.) ओतलं. साचा नव्हता, म्हणून सगळं स्टीलच्या ताटात ओतून घट्ट होऊ दिलं, शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडल्या आणि महिनाभर माळ्यावर मुरत ठेवल्या. रोज वर चढून बघायचो.

अखेर मंगलनं हात धुतले, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"कसा हाय?"

"लई... लई मऊ वाटतंय की."

आनंदाश्रू! लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण माझ्यामुळं ती इतकी गहिवरलेली कधी पाहिली नव्हती. मी रोज विचारायचो, ती रोज हात धुवायची, रोज रडायची. चौथ्या दिवशी मी फुगून शेजारच्या शबाना भाभींनाही वडी दिली. (तोंडालाही लावा म्हटलं!)

दहा मिनिटांत भाभी तोंडावर टॉवेल धरून दारात.

"क्या भाई, ये साबण हय की ठेचा?"

मला पटेना. मी तिथंच तोंड धुऊन दाखवलं. अगं आई गं!

मंगल दही घेऊन धावली. आधी भाभींना, मग मला थापलं आणि खरं सांगितलं. त्या किटलीत चटणीच्या लाल मिरच्या परतून उरलेलं तेल होतं.

"तुला ठाऊक होतं? मग चार दिवस वापरलास कशाला?"

"महिनाभर लेकरागत जपलाव त्या वड्या. कुठल्या तोंडानं सांगू?"

मला भरून आलं. दह्यामुळं दिसलं नाही, एवढंच. त्या दिवसापासून पीठ मळणं आणि भांडी घासणं माझ्याकडं आलं. दोन महिन्यांत मंगलचे हात बरे झाले! भेगा आता माझ्या हातांना आहेत.

परवा माझा हात हातात घेऊन ती मायेनं म्हणाली, "लई फुटल्यात की हो. करू का घरी साबण तुमच्यासाठी?"

मी दोन्ही हात पाठीमागं लपवले.

"भेगा? कुटं हायत भेगा? डोळे तपासून घे तू आधी!"